बांधावरची डाळिंबं

नवऱ्याचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेवढ्यात धाकट्या दिरानं, कुमारनं, जमिनीची मोजणी आणली. त्या दिवसापासून अयोध्या त्याच्या घराकडं पाठ करून बसू लागली.

ईट गावच्या शिवारात दोन्ही भावांच्या रानामधला तो बांध. त्यावर सासऱ्यानं लावलेली डाळिंबांची एक ओळ. मोजणीवाल्यांची हद्द नेमकी बुंध्यांवरून गेली. अर्ध्या मुळ्या अयोध्याच्या रानात, अर्ध्या कुमारच्या. ज्याच्या अंगाला लोंबेल ते फळ त्याचं, असं चार माणसांनी ठरवलं. तेव्हा कुमारची बायको शिवकन्या सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्कांना एकटीला असं किती लागतंय? समदीच आमाला दिली तर काय बिघडलं?"

दुसऱ्या दिवशी अयोध्यानं आपल्या बाजूच्या ठिबकच्या नळ्या उपसून टाकल्या.

"वैनी, झाडं जळतील की," कुमार म्हणाला.

"अर्धं झाड माझं हाय. माझ्या अर्ध्याला म्या पाणी देत न्हाय. तुझं अर्धं तू जगव."

झाडं वाळावीत अशी तिची इच्छा होती. आपला वाटा गेला तरी चालेल, पण शिवकन्येचा जाऊ दे.

झाडं वाळली नाहीत. त्या उन्हाळ्यात कुमारच्या विहिरीनं तळ गाठला. बागेतली त्याची बाकीची झाडं दुपार झाली की माना टाकायची, फळं लिंबाएवढीच राहिली. बांधावरची ओळ मात्र ताठ उभी. जूनमध्ये उमरग्याचे व्यापारी सिद्रामप्पा माल बघायला आले. त्यांनी बांधावरचं एक फळ हातात तोलून बघितलं. "कुमारराव, ही ओळ येगळी तोडा. हिचा भाव येगळा."

पलीकडं अयोध्या खुरपत होती. तिनं ऐकलं आणि तिच्या अंगाचा जाळ झाला. चोरून आपल्या बाजूला पाणी घालतात, असं तिच्या मनानं घेतलं.

शुभांगी, कुमारची मुलगी, धाराशिवला शेतकी कॉलेजात शिकत होती. सुट्टीत गावी आली की त्या घरातली ती एकटीच बांध ओलांडायची. ती आल्या आल्या अयोध्यानं विचारलं, "तुझा बाप माझ्याकडल्या मुळ्यांना पाणी कवा घालतो गं?"

"घालत न्हाईत, मोठी आई. तुमी पाणी तोडलं म्हणूनच तर झाडं चांगली राहिली."

"माझी थट्टा करतीस व्हय?"

शुभांगीनं बांधावरून पान तोडलं. त्याच्या पाठीला नखाला लावायचा पारदर्शक रंग फासला. वाळल्यावर त्याचा पापुद्रा चिकटपट्टीनं उचलला आणि कॉलेजातून आणलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बघा. पानाला अशी बारीक तोंडं असत्यात. यातनंच झाड हवा घेतं अन् यातनंच पाणी उडून जातं. दोन्हीकडचे ओठ पाण्यानं फुगले की तोंड उघडतं, सैल पडले की मिटतं."

अयोध्यानं एक डोळा मिटून पाहिलं. एकाला एक लागलेले ओठ. बहुतेक सगळे मिटलेले.

"तुमच्या बाजूच्या मुळ्या कोरड्या पडल्या. त्यांनी पानांना कळवलं, दुष्काळ आलाय, तोंड आवरा. आमच्या बाजूनं प्यायला थोडंफार पाणी होतंच. म्हणून झाड उपाशीबी न्हाय अन् उधळंबी न्हाय." शुभांगी हसली. "आमच्या बागेला हे जमलं नसतं. तुमच्या भांडणानं जमलं."

अयोध्या हसली नाही. आपण मारायला गेलो आणि जावेचं पोसून बसलो, एवढंच तिला कळलं.

"अन् आता म्या पाणी सोडलं तर?"

"आता नका बरं. फळ भरत आलंय, साल आवळलीय. मोकळं पाणी मिळालं की तोंडं उघडतील, झाड हावऱ्यासारखं पाणी वढील. आतले दाणे फुगतील, साल ताणणार न्हाय. फळं उलतील समदी."

"बरं झालं सांगितलंस," अयोध्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं आपल्या विहिरीवरची मोटार चालू केली आणि बांधाकडच्या सरीत पाणी सोडलं. दिवसभर सोडलं. पुढच्या दिवशीही.

कुमारनं पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. "वैनी, उशिरा का होईना, मन मोठं केलं तुमी."

शिवकन्येनं तर संध्याकाळी गरम धपाटी आणि दही पाठवलं. अयोध्यानं ताट ठेवून घेतलं आणि सगळं खाल्लं.

आठवड्याच्या आत फळं उलली. बोट जाईल एवढ्या भेगा, आत लाल दाणे, त्यावर मुंग्या आणि गांधीलमाश्या. दोन्ही अंगांची, एकही धड उरलं नाही. सिद्रामप्पांनी लांबूनच हात हलवला आणि गाडी वळवली.

शिवकन्या पदर खोचून बांधावर आली. आजवर जावेला ती 'तुमी' म्हणायची.

"तू मुद्दाम केलंस."

"पाणी घातलं. इष न्हाय घातलं," अयोध्या म्हणाली. "जा, कर तक्रार. झाडाला पाणी पाजलं म्हणून सांग."

"तुला कसं ठावं होतं असं व्हतंय?"

मागून शुभांगी आली. "आई, म्याच सांगितलं त्यांना."

शिवकन्येनं वळून तिच्या थोबाडीत मारली. मग आणखी एक. कुमार मधे पडला नाही. शुभांगी मार खात अयोध्याकडंच बघत होती. यात पोरीचं काय चुकलं, एवढं एक वाक्य अयोध्याच्या तोंडाशी आलं होतं. ते बोलली तर केलेलं कबूल केल्यासारखं झालं असतं. तिनं खुरपं उचललं आणि गवत काढायला खाली बसली.

सुट्टी उरली असूनही शुभांगी दोन दिवसांनी निघाली. अयोध्या तेव्हा फाट्यावर दुधाची कॅन घेऊन उभी होती. पोरीच्या गालावरचा वळ हिरवा पडत चालला होता.

"परत कवा येनार?" अयोध्यानं विचारलं.

शुभांगीनं पिशवी खांद्यावर घेतली. "येईन की. तुमच्याकडं न्हाय पण."

एसटी आली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली.