अस्तरातला कच्चा टाका

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. ऐन घाईत चेन अडकते, माणूस दात-ओठ खात ती ओढतो आणि करकर असा आवाज होतो, तीच माझी बोली. आज मला कुणी ओढत नाहीये, कुणाला घाईही नाहीये, तेव्हा जरा सलग बोलून घेते. मी पाठीवरची सॅक. रंगाने हिरवी, बुडाला एक ठिगळ, आणि वयाच्या मानाने बरीच फिरलेली.

माझा जन्म दुकानात झाला नाही. बॅगांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवणाऱ्या एका आईने मला घरी, सुट्टीच्या दोन दिवसांत शिवलं. अंगाला ट्रकवर घालतात त्या ताडपत्रीचा उरलेला तुकडा, पट्टे शाळेच्या दप्तरांचे, आणि अस्तर घरातल्या जुन्या रेघारेघांच्या चादरीचं. पाठीच्या बाजूला फोम, फोमामागे पुठ्ठा. तिची लेक पाणी तपासण्याचं शास्त्र शिकायला दूरदेशी निघाली होती, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

"बाजारात हलक्या, रंगीत मिळतात की," बाबा म्हणाले.

"मिळतात. आणि महिन्याभरात पट्ट्याचा जीव जातो. मीच शिवते त्या, मला नका सांगू."

सॅक आधी उलटी शिवतात. मग अस्तरात ठेवलेल्या वीतभर फटीतून तिला ओढून सुलटी करतात, आणि सगळ्यात शेवटी ती फट बंद करतात. माझी फट पाठीकडच्या आतल्या खिशात होती, वरच्या कडेला. आईने ती बंद केली, पण मशीनवर नाही. सुईत पांढरा दोरा ओवला आणि पाच लांब लांब कच्चे टाके घातले.

"अगं, पक्की टीप मार ना," बाबा म्हणाले.

"राहू दे. काम अर्धं राहिलं की माणूस ते पुरं करायला परत येतं. माझी आई असंच करायची. आणि हिला सांगू नका, हसेल."

लेक तेव्हा शेजारच्या खोलीत काकूचा निरोप घेत होती. तिला काही कळलं नाही. ते पाच टाके आई-बाबांना आणि मला माहीत होते, बस्स.

परदेशातली दोन वर्षं माझी कपाटावर गेली. लेकीचं कॉलेज आणि खोली यांत एकच रस्ता होता, तिथे माझ्यासारख्या मोठ्या पोटाच्या बाईचं काय काम? माझ्यात हिवाळ्यातले मोजे कोंबले, मग उन्हाळ्यातल्या चादरी. आम्हा सॅकांचं हे असंच असतं. प्रवासापुरतं प्रेम, नंतर अडगळ. मी तक्रार करत नाही. मोजे स्वच्छ होते.

शिक्षण संपत आलं तेव्हा तिला घरच्या शहरातून पत्र आलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. अठ्ठावीस डिसेंबरला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पत्र वाचून ती खोलीभर नाचली. सोबतच्या मुली म्हणाल्या, "वेडी आहेस का? इथे याच्या चौपट मिळेल." ती म्हणाली, "आमच्याकडे अजून पाण्याचा रंग बघून ठरवतात, पाणी चांगलं की वाईट. मी शिकले ते कुणासाठी?" तिचं बोलणं असंच असायचं, थोडं व्यासपीठावरचं. पण डोळे खरे असायचे.

विमान सव्वीसचं, पहाटे. हाताशी दहा दिवस होते, तेवढ्यात तो देश थोडा बघून घ्यायचं तिने ठरवलं. तिने मला कपाटावरून उतरवलं, झटकलं आणि पाठीवर घेतलं. दोन वर्षांनी ती पाठ लागली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

अशी फिरत फिरत ती एका गावात पोचली. तिथे वाटसरूंना स्वस्तात खाटा देणारं एक दुमजली घर होतं. खाली मोठं स्वयंपाकघर, वर खाटांची खोली, जिन्याला करकरणाऱ्या बारा पायऱ्या. पहिल्याच संध्याकाळी लेकीने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, त्यात कागदी पट्टी बुडवली, उजेडात धरून रंग पाहिला आणि मगच प्यायली. टेबलाशी बसलेली तीन माणसं बघतच राहिली.

"पास का नापास?" त्यातल्या उंच माणसाने विचारलं.

"पास. काठावर."

त्या दिवसापासून तिचं नाव 'पाणीवाली' पडलं.

ती तिघंही एकटी निघालेली आणि वाटेत एकमेकांना भेटलेली. उंच माणूस सुतार. दुसरा बेकरीवाला, गोल चेहऱ्याचा, बोलायला अगदी कमी. तिसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. जन्मभर टपालखात्यात लोकांची पत्रं लावली, आता स्वतःच पत्त्याशिवाय फिरत होत्या. त्यांना सगळे पोस्टमावशी म्हणत. चौघांच्या भाषा चार. जी मोडकीतोडकी समाईक होती तिच्यावर भागत होतं. मला काय, कापडाला सगळ्या भाषा सारख्याच कळतात.

चार दिवसांत चौघं अशी काही एकत्र जेवायला लागली की बघणाऱ्याला वाटावं, एकाच घरातली आहेत आणि आत्ताच भांडून परत बोलायला लागली आहेत.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी प्रश्न निघाला, झाड कुठून आणायचं? बाजार लवकर बंद झाला होता. सुताराची नजर आमच्या कोपऱ्यावर गेली. "हे काय, चार झाडं उभी आहेत की."

झालं. आम्हा चौघींना रिकामं केलं. तोंड खाली, बूड वर, कारण बूड सपाट, त्यावर दुसरी नीट बसते. सगळ्यात खाली मी, कारण ताडपत्री. माझ्यावर सुताराची, तिच्यावर बेकरीवाल्याची आणि शेंड्याला पोस्टमावशींची लहानखुरी निळी. अंगावरून दिव्यांची माळ फिरवली. मावशींनी जुन्या पाकिटाचा तारा कापून वर चिकटवला. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडे मागे सरकून, मान तिरकी करून बघत होते. सॅकला आणखी काय हवं?

पण एक गोष्ट राहून गेली होती. लेकीने सगळं काढलं, पासपोर्ट तेवढा आतल्या खिशात, चेन लावून, तसाच ठेवला. तीच जागा सुरक्षित, असं आईनेच सांगितलं होतं. आता मी उलटी. वर तिघींचं वजन. पासपोर्ट घसरला तो थेट त्या पाच कच्च्या टाक्यांवर जाऊन बसला. दोरा दोन वर्षं थकलेला. एक टाका गेला. मग दुसरा. माझ्या भोवती गाणी चालली होती आणि माझ्या पोटात टुक, टुक टाके उसवत होते. पाचवाही गेला, पासपोर्ट अस्तराच्या पलीकडे उतरला. सकाळी मला सुलटं केल्यावर तो सर्रकन खाली गेला आणि फोम-पुठ्ठ्याच्या मध्ये जाऊन निवांत पडला.

मला सगळं ठाऊक होतं. सांगणार कसं? माझी चेन लागलेली होती, आणि चेन उघडी असली तरी करकरीपलीकडे मला काय येतं?

नाताळच्या सकाळी लेक सामान भरायला बसली. आतल्या खिशाची चेन उघडली, हात घातला आणि तसाच ठेवला. मग दुसरा खिसा. मग तिसरा. मग परत पहिला. हरवलेली वस्तू माणसं त्याच जागी पाच-पाच वेळा शोधतात, जणू तिला मध्येच दया येईल.

"माझा पासपोर्ट नाहीये," ती म्हणाली, इतक्या हळू की तिघांनी एकदम विचारलं, "काय नाहीये?"

मग जो तो आपापल्या धंद्याप्रमाणे शोधायला लागला. पोस्टमावशींनी तिचे सगळे कपडे, कागद, पुस्तकं खाटेवर रांगांत मांडली, डावीकडून उजवीकडे. एकेक वस्तू हातात घेऊन झटकली आणि पालथी ठेवली. बेकरीवाल्याने चुलीवरचं सूप आणि भट्टीतला पाव तसाच सोडून खालचे पिठाचे डबेसुद्धा उपसले. सुताराने खाटा सरकवल्या, जमिनीच्या फळ्यांवर बोटांनी ठोकून पाहिलं. मला त्याने बाहेरून चाचपलंदेखील. त्याचं बोट नेमकं तिथेच टेकलं! "इथे कडक लागतंय काहीतरी."

"पुठ्ठा आहे तो. आईने घातलाय," लेक म्हणाली. बोट उचललं गेलं. त्या क्षणी मला ताडपत्रीऐवजी काचेचं अंग असतं तर!

लेकीने पासपोर्टच्या कार्यालयाला फोन लावला. यंत्राने नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि सत्तावीसला यायला सांगितलं. सत्तावीसला अर्ज, मग नवे कागद, म्हणजे अठ्ठावीस हुकलीच. तिने फोन ठेवला आणि माझा पट्टा मुठीत घट्ट धरला. खरं तेच सांगते: त्या वेळी तिची नजर एकदा, एकदाच, त्या तीन सॅकांवरून फिरली. चार दिवसांची ओळख. मन कुठे कुठे जातं.

बेकरीवाल्याने ती नजर पाहिली. तो उठला, आपली सॅक उचलली आणि खोलीच्या मध्यावर उपडी केली. भोकं पडलेले मोजे, दाढीचं सामान, अर्धी वडी साबण, एका म्हाताऱ्या बाईचा चौकटीतला फोटो. लगोलग सुताराने आपलीही केली. मग मावशींनीही केली. त्यांच्यातून औषधांच्या सात डब्या घरंगळल्या.

"अहो, मी कुणावर संशय घेतला नाही," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली.

"घेतलास," मावशी म्हणाल्या, "आणि घ्यायलाच हवास. मी तुझ्या जागी असते तर तासापूर्वीच घेतला असता. बघ नीट, त्या साबणाच्या खाली पण बघ. म्हणजे जेवताना आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघू शकू."

लेकीने बघितलं नाही. ती त्या पसाऱ्यात बसून ओक्साबोक्शी रडली. सुतार म्हणाला, "आता घरी फोन कर. वाईट बातमी शिळी झाली की जास्त बाधते."

फोन बाबांनी घेतला. "काय गं, नाताळ जोरात ना? तुझी काकू विचारतेय, केक खाल्लास का?"

"बाबा, आईला द्या."

"का गं? काय झालं?"

"द्या ना."

आईला तिने सगळं एका दमात सांगितलं. आतला खिसा, लावलेली चेन, बंद कार्यालय, अठ्ठावीस तारीख. "जागा गेली आई. मी येत नाही." 

"आई, ऐकतेस ना?"

"काल सॅक उलटी केली होतीस का?"

"तुला कसं कळलं?"

"त्या खिशात हात घाल. वरच्या कडेला."

"घातला. शिवण उसवलीय तिथे."

"शिवण नाही ती. कच्चा टाका आहे. म्हणजे होता. बोटं आत घाल अस्तराच्या. पार खाली, पुठ्ठ्यापर्यंत."

लेकीचा हात कोपरापर्यंत माझ्यात गेला. बोटं फोमावरून सरकली, पुठ्ठ्याच्या कडेला लागली आणि थांबली. मग इतक्या जोरात बाहेर आली की उरलंसुरलं अस्तरही टरकलं. दुखलं नाही. दाताखालचा खडा निघावा तसं वाटलं.

खोलीत जो काही आरडाओरडा झाला, त्याने बारा पायऱ्यांपैकी दोन तरी ढिल्या झाल्या असतील. बेकरीवाला मला पोटाशी धरून नाचला. मावशी खाटेवर मटकन बसल्या आणि हसता हसता औषधाची डबी शोधायला लागल्या.

फोनवर बाबांचा आवाज येत होता, "मी म्हटलं होतं! पक्की टीप मार म्हणून म्हटलं होतं की नाही?"

"तू कच्चं का ठेवलंस आई?" लेकीने डोळे पुसत विचारलं.

"तू परत यावीस म्हणून," आई म्हणाली. आणि मग अगदी बारीक आवाजात, "आणि त्यानेच तुला अडकवलं बघ."

"अगं, त्यानेच तर सापडला. दुसऱ्या कुणी शिवलेली असती तर कुणाला विचारलं असतं मी?"

या गडबडीत सूप लागलं होतं आणि पावाची पाठ काळी झाली होती. बेकरीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा पाव करपवला, म्हणाला. चौघांनी करपलेली बाजू खरवडून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, शेवटच्या चमच्यापर्यंत जेवण संपवलं. इतकं वाईट जेवण इतक्या आनंदाने खाताना मी माणसांना कधी पाहिलं नव्हतं. सुताराने सुई-दोरा काढला, "आण, शिवून देतो." लेकीने मला जवळ ओढलं. "नको. हे काम जिचं आहे तिलाच करू दे." पासपोर्ट मात्र तिने स्वेटरच्या आत ठेवला. वेंधळी असली तरी मूर्ख नव्हती.

अठ्ठावीसला सकाळी ती प्रयोगशाळेत हजर झाली. पाठीवर मीच होते.

आता मी तिथल्या खुंटीवर असते. रोज माझ्यात पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या येतात. विहिरींचं, टाक्यांचं, शाळांच्या नळांचं पाणी. बूड सारखं ओलं, ठिगळ पुन्हा लागलं. कपाटावरच्या मोज्यांपेक्षा हे बरं. तिघांची पत्रं येतात. मावशींच्या पाकिटावर पत्ता इतका रेखीव असतो की लेक ते फाडत नाही, वाफेवर उघडते.

आणि ती फट? घरी आल्या संध्याकाळीच आईने मला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पक्की टीप मारली. बाबा समोर बसून राहिले होते, पहारा दिल्यासारखे. शेवटी ती कात्रीकडे हात नेऊन थबकली. दोऱ्याचं टोक तिने कापलं नाही. चार बोटं पांढरा दोरा तसाच लोंबता ठेवला.

"हे काय आता?" बाबा म्हणाले.

"आता रोज गावोगाव जाणार ती," आई म्हणाली. "असू दे एवढं."

तेव्हा माझं एवढंच मागणं. कधी प्रयोगशाळेत आलात, खुंटीवर मी दिसले आणि माझ्या अस्तरातून तो दोरा डोकावताना दिसला, तर नीटनेटकेपणाच्या भरात तो ओढू नका. कापूही नका. संध्याकाळी आम्हाला घरी जायचं असतं.