तारेखालचं झाड आणि टीचभर सूर्यफुलं

आतलं वलय

मित्रांनो, मी रस्त्याकडेचं एक जुनं झाड आहे. माझं वय माझ्या पोटात गोल गोल लिहिलेलं आहे. ते वाचायचं तर मला कापावं लागेल. त्यापेक्षा मीच सांगतो.

मला लावलं तेव्हा वर नुसतं आकाश होतं. तारा नंतर आल्या.

रुंद वलय

वाढायचं, एवढंच मला येत होतं. "काय गार सावली आहे!" म्हणत लोक मला सायकली टेकवत. मग एकदा वाऱ्यात माझी फांदी तारेला लागली, ठिणगी उडाली आणि अख्खी गल्ली अंधारात बसली. त्याच लोकांनी मला नावं ठेवली. वायरमनकाका येऊन छाटत, मी चिडून आणखी लांब फांद्या काढत असे. शेवटी ठरलं, खोड मधूनच कापायचं.

"एक संधी द्या, काका," झाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी माझा घेर मोजला, बुंध्याभोवतीची माती उकरली आणि पाण्यात कालवलेलं औषध ओतलं. "यानं झाड मरत नाही. वाढ हळू होते. नव्या पालवीत कळेल."

माझ्यामागच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शिंपीणकाकूंना विचारायचं मात्र राहून गेलं. माझ्या पायाशी त्यांनी सूर्यफुलं पेरली होती.

अरुंद वलय

काय सांगू तुम्हाला! "उंच हो, उंच हो" असा आत धोशा लावणारा आवाज मंदावला. पानं लहान, जाड, गर्द झाली. जमिनीखाली बारीक मुळांचं जाळं विणलं गेलं. उंची थांबली होती, मी थांबलो नव्हतो. एवढ्याशा घोटात एवढं सामर्थ्य!

पण खालून कुणाला काय दिसणार? जुन्या फांद्या तारेपाशीच होत्या. वायरमनकाका शिडीवर चढले. "बाई, गुण काही दिसत नाही. कापतो आता."

करवतीचा थंड दात माझ्या सालीला

—

"थांबा!" शिंपीणकाकू गळ्यातल्या मोजपट्टीसकट बाहेर आल्या. "आधी माझ्या फुलांचं बोला! पुरुषभर वाढणारी सूर्यफुलं, ही बघा, टीचभर! काय पाजलंत त्यांना?"

डॉक्टरबाई फुलांपाशी उकिडव्या बसल्या. बोटाएवढा देठ, त्यावर पूर्ण उमललेलं फूल. त्या हसायलाच लागल्या. "काकू, चुकलं माझं, तुम्हाला विचारायला हवं होतं. पण औषध लागू पडलंय! काका, शेंड्याची नवी डहाळी बघा."

काकांनी डहाळी हातात धरली. पान, लगेच पान, लगेच पान. मधे बोट शिरेना.

"अरेच्चा! ही तर मुठीत मावते." करवत खाली आली. "जुन्या तेवढ्या छाटतो. खोड राहू दे."

"आणि माझी फुलं?"

"पलीकडे वाफा करून देतो, वहिनी. चालेल?"

"चालेल काय, करूनच द्या! आणि हीही राहतील इथंच. खुजी असली तरी तोंडं उन्हाकडेच आहेत त्यांची."

बाहेरचं वलय, अजून ओलं

मित्रांनो, आमच्यासाठी काही कराल तेव्हा वरच्या तारा बघा. पण आमच्या पायाशी कोण वाढतंय, तेही वाकून बघा.

मी आता तारेच्या अलीकडेच उभा असतो. काकूंनी यंदा पुन्हा मुद्दाम माझ्याच पायाशी बी टाकलंय. मातीत औषध अजून उरलंय, म्हणून पुन्हा टीचभरच फुलं माना वर करतात. त्यांच्या लेखी मी अजूनही आभाळाला टेकलेला आहे.