हात नसलेली सही

मी एक सही आहे. इतकी वर्षं माझ्या नावाने दुसरेच बोलत आले, आज मी बोलतेय.

शाईच्या सहीचं मला माहीत नाही. तिला म्हणे वळण असतं, हात थरथरला की तीही थरथरते. माझ्यात तसलं काही नाही. औषधाच्या कारखान्यात कागद बंद होऊन सगळं संगणकावर आलं, तेव्हा माझा जन्म झाला. एक नाव, एक पासवर्ड आणि खाली एक ओळ, ‘तपासले व मंजूर’. एवढीच मी.

माझ्या मालकीणबाई गुणवत्ता विभागात होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. औषधाची प्रत्येक खेप तयार झाली की तिचे सगळे दस्तऐवज त्यांच्या पडद्यावर यायचे: काय घातलं, किती ढवळलं, प्रयोगशाळेत काय निघालं. त्या मला बोलावीपर्यंत एकही खोकं गोदामाबाहेर पडत नसे. कायदाच तसा आहे.

मॅडमची बोटं मी चांगली ओळखायचे. त्या पासवर्ड टाकताना शेवटच्या अक्षराआधी थबकत. कधी तेवढ्यात मागे जाऊन एखादं पान पुन्हा उघडत, चष्मा कपाळावर सरकवत आणि प्रयोगशाळेला फोन लावत. त्या थबकण्यावर माझा विश्वास होता. बाकी कोणावरही नव्हता.

का असावा? मी काय काय पाहिलंय ते ऐका. नवीन कार्यपद्धती आली की प्रत्येक कामगाराने ती वाचून ‘वाचले व समजले’ या ओळीखाली सही करायची असते. जाडजूड दस्तऐवज असतो. अख्खी पाळी रांगेत उभी राहायची आणि चहा गार व्हायच्या आत सगळ्यांना सगळं समजलेलं असायचं. माझ्या शेजारच्या कितीतरी सह्यांनी आयुष्यात एक पान उघडलेलं पाहिलं नाही. सरकारी तपासनीस येतात, पडद्यावर हिरव्या खुणा बघतात, मान डोलावतात. हिरवी खूण कोणाच्या बोटाने झाली, हे विचारतो कोण?

कारखान्यातल्या सगळ्यांचे मुख्य होते ते ‘होऊन जाईल साहेब’. हे नाव कामगारांनी ठेवलं होतं. यंत्र बिघडलं, होऊन जाईल. माणूस कमी आहे, होऊन जाईल. माणूस गोड बोलायचा, सगळ्यांच्या घरची चौकशी करायचा. मला त्या गोडव्याचाच संशय यायचा.

मॅडमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या रजेवर गेल्या. रजेवरच्या माणसाचं खातं बंद ठेवायचा नियम आहे. साहेबांनी ते बंद करू दिलं नाही. म्हणाले, राहू दे, लागलंच तर असावं. मी तेव्हाच समजून चुकले की आपलं काही खरं नाही.

मग एक दिवस त्यांनी दवाखान्यात मॅडमना फोन केला. सफाईची एक साधी कार्यपद्धती मंजुरीसाठी अडकली आहे, तपासणी तोंडावर आली आहे, तेवढा पासवर्ड सांगा. आईला नुकतंच ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. मॅडमनी सांगून टाकला. साहेबांनी तो मोठ्याने म्हणत पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी मॅडमच्या कीबोर्डच्या पोटाला चिकटवली.

सफाईचं काम झालं. चिठ्ठी तिथेच राहिली.

त्याच आठवड्यात लहान मुलांच्या तापाच्या औषधाची खेप मंजुरीला आली. पातळ औषध, पण त्यात मूळ द्रव्य बारीक कणांच्या रूपात तरंगतं. बाटली हलवली की ते सगळीकडे सारखं पसरायला हवं. पहिल्या चाचणीत ते पसरलं नव्हतं, तळाशी चिकटून बसलं होतं. म्हणजे वरच्या चमच्यात औषध कमी आणि तळाच्या चमच्यात नको इतकं. प्रयोगशाळेतल्या केमिस्टने पुन्हा चाचणी केली, मग पुन्हा केली आणि जमली ती ठेवली. पहिलीपुढे त्याने लिहिलं, ‘सराव चाचणी’, म्हणजे ती धरायचीच नाही. मॅडमनी हा शब्द वाचला असता तर त्याला खुर्चीतून उठवून आणला असता.

पासवर्ड भरभर पडला. शेवटच्या अक्षराआधी कोणी थबकलं नाही. एकही पान उघडलं गेलं नाही. मला नाही म्हणायची सोय नाही हो. अक्षरं बरोबर आली की मला उमटावं लागतं. मी उमटले. तपासले व मंजूर.

मॅडम परत आल्या आणि त्यांना कीबोर्डखालची चिठ्ठी सापडली, मग स्वतःची मंजुरी दिसली. त्यांनी सगळी पानं उघडली आणि त्या ‘सराव चाचणी’पाशी थांबल्या. खरं सांगते, मला तेव्हा त्यांचाही संशय आला. पगारी माणूस आहे, घरी आई अंथरुणात आहे. गिळतील गुपचूप, असं वाटलं.

साहेब आले ते खुर्ची ओढूनच बसले. आईची चौकशी केली. मग म्हणाले की एक छोटी टीप जोडायची आहे: अहवाल फोनवर वाचून दाखवला होता आणि तुम्ही होकार दिला होता. तपासनीस परवा येतायत, म्हणजे प्रश्नच नको.

“माल कुठे आहे?” मॅडमनी विचारलं.

“डेपोत. उद्या दुकानांना निघेल. तुम्ही टीप लिहा, होऊन जाईल.”

“पहिली चाचणी बघितलीत?”

“मॅडम, पासवर्ड तुम्ही दिलात. हे बाहेर आलं तर पहिली मान तुमची जाईल, माझी नाही. आईंचा औषधोपचार चालू आहे ना अजून?”

मॅडमनी कीबोर्ड उलटा केला, चिठ्ठी सोलून काढली आणि साहेबांच्या समोर ठेवली. “ही तुमची. सांभाळून ठेवा.”

मग त्या लिहू लागल्या. मी एकेक शब्द धास्तीने पाहत होते. त्यांनी लिहिलं: ‘वरची सही माझ्या नावाची आहे, पण ती मी केलेली नाही. पासवर्ड मी दिला, ही माझी चूक. पहिली चाचणी नापास आहे. खेप थांबवावी.’

पासवर्ड टाकताना शेवटच्या अक्षराआधी त्या थबकल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग बोट खाली आलं आणि मी उमटले. मी खोटी आहे, हे सांगणाऱ्या मजकुराखाली माझीच सही.

खेप डेपोतच अडकली. तपासनिसांनी दोन्ही सह्या वाचल्या. साहेबांची बदली झाली, कुठे ते कोणी सांगत नाही. तिथेही होतच असेल सगळं. पासवर्ड दिल्याबद्दल मॅडमना कामावरून कमी केलं. नियम म्हणजे नियम. त्याच साहेबाने खातं उघडं ठेवलं तेव्हा हा नियम कुठे झोपला होता, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

मला निष्क्रिय केलं गेलं. पुसता येत नाही, कारण दस्तऐवज जपून ठेवावे लागतात. म्हणून मी इथेच आहे, एका पानावर दोनदा.

तुमच्या घरात तापाने फणफणलेलं मूल असेल, तुम्ही बाटली हलवाल आणि चमचा भराल. त्या बाटलीमागे माझ्यासारखी कोणीतरी उमटलेली असते. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कारखान्यांना विचारा, तपासनिसांना विचारा, बोट कोणाचं होतं? आणि स्वतःचा पासवर्ड कोणाला देऊ नका, दवाखान्याच्या दारात उभे असलात तरी.

माझ्या दोन्ही सह्या यंत्राला अगदी सारख्या दिसतात. फरक आहे तो शेवटच्या अक्षराआधीच्या थबकण्याचा, आणि ते थबकणं यंत्राने कुठेच नोंदवलेलं नाही.