काहीच न करणारा गट

"अजून एकदा ओढा, काका."

"अगो, किती वेळा? माझी पाठ काय सरकारी हा?"

तक्रार करत का होईना, धोंडूकाकांनी लोखंडी पाटावर पाय रोवले, साखळीची मूठ धरली आणि ओढली. ताकद मोजायच्या यंत्राचा काटा जूनमध्ये जिथं थांबला होता तो मुक्काम ओलांडून आरामात पुढं गेला. काकांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी पाहिलं की नाही याची खात्री केली आणि मिशीला हात लावला.

वैशालीचा चेहरा मात्र उतरला. काकांची ताकद वाढायला नको होती.

वैशाली डिलाईल रोडच्या या चाळीतलीच. वय छत्तीस. लोअर परळच्या जिममध्ये पोट सुटलेल्या साहेबांकडून बैठका काढून घेणं ही तिची नोकरी. साहेब बैठका कमी काढतात आणि कारणं जास्त, असा तिचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी तिनं स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. तिची आई राधाबाई शेजारपाजारी सांगायची, "व्यायामात एम.ए. करतेय." चाळीनं ते मान्य केलं. इथं लोकांनी याहून चमत्कारिक गोष्टी मान्य केल्या आहेत.

प्रबंधाचा विषय तिनं घरचाच घेतला. चाळीच्या गोविंदा पथकातला खालचा थर, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर सगळे चढतात ते भारदस्त पुरुष. वजनं उचलून त्यांची ताकद किती वाढते, हे मोजायचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एक गट तिच्या हाताखाली वजनं उचलणार. दुसरा थर लावायचा नेहमीचा सराव करणार आणि बाकी काहीच नाही. दोन्ही गटांत शेवटी जो फरक पडेल, तोच तिचा प्रबंध. दिवाळीआधी पदवी हातात आली तर माटुंग्याच्या एका क्रीडा अकादमीत प्रशिक्षकाची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती.

लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत हयात काढलेल्या धोंडूकाकांना दुसऱ्या गटाची चिठ्ठी आली. पथकाचे म्होरके दौलतमामा, तेही त्यातच.

आता मामांनी साखळी ओढली. काटा पुन्हा पुढं. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकाचं तेच. वैशालीनं यंत्र उलटसुलट करून पाहिलं, स्वतः ओढून पाहिलं. यंत्र ठीक होतं.

तेवढ्यात राधाबाई चहा घेऊन चाळीच्या व्यायामशाळेच्या दारात आल्या.

"झाली का परीक्षा? आता तरी पहाटे गच्चीवरची धाडधाड बंद करा बाबांनो. तू जिमला निघालीस की यांचं सुरू. मसाल्याची पोती काय उचलतात, बैठका काय मारतात. डोक्यावर माती पडते माझ्या."

कुणी चहाला हात लावला नाही.

"कोण उचलतं पोती?" वैशालीनं विचारलं.

दौलतमामा छताच्या पंख्याकडं बघत म्हणाले, "तू पहिल्या गटाकडून काय करून घेतेस ते आम्ही खिडकीतून बघायचो. म्हटलं, आपला गट ढिला पडला तर हिचे मार्क जातील."

"ढिला पडायलाच हवा होता, मामा. तुम्ही जसेच्या तसे राहिला असतात, तर वजनांनी फरक पडतो हे दिसलं असतं. आता सगळेच वाढलेत. मी दाखवू काय?"

धोंडूकाका म्हणाले, "आमका वाटला, काहीच करू नको असा तू लाजेखातर सांगतस. कोण आपणहून सांगता, माका मदत कर म्हणान?"

दौलतमामांनी तोड काढली. "जूनचेच आकडे परत लिही. आम्ही कुठं बोलतोय?"

सोपं होतं. वैशालीनं पेन उचललंही. मग समोरच्या माणसांकडं पाहिलं. धोंडूकाकांच्या खांद्यावर पोत्याचा वळ उठला होता. जिममधले साहेब न उचललेलं वजन उचललं म्हणून सांगतात, आणि इथं उचललेलं वजन उचललंच नाही असं तिला लिहायचं होतं.

"नाही जमायचं," ती म्हणाली. "एवढी पोती उचललीत आणि मी काय लिहू, हे बसून होते?"

तिच्या मार्गदर्शक वैदेहीमॅडम फोनवर आधी हसल्या. नंतर म्हणाल्या, "पुढच्या मोसमात नव्या पथकावर पुन्हा कर. दुसरा इलाज नाही." दिवाळीत अकादमीची जागा पुण्याच्या एका मुलाला मिळाली. राधाबाई चार दिवस खालच्या थराशी बोलल्या नाहीत.

वैशाली बोलत होती. तिचा हिशेब निराळा होता. व्यायामशाळेत बाईनं पाऊल ठेवायचं नाही असा चाळीचा दंडक असताना मामांनी कमिटीला न विचारता किल्ली तिच्या हातात ठेवली होती आणि नंतर कमिटीच्या शिव्या एकट्यानं खाल्ल्या होत्या. वडील गेले त्या वर्षी धोंडूकाकांनी घरातला मसाला संपू दिला नव्हता, आणि पैशांचा विषय काढला की अंगावर धावून यायचे. एवढं सगळं जमेला असताना एक वर्ष गेलं, तर गेलं.

पुढच्या वर्षी धोंडूकाकांनीच शीव कोळीवाड्यातल्या व्याह्यांना गाठून तिथलं पथक मिळवून दिलं. एवढ्यावर थांबतील तर ते धोंडूकाका कसले. तिथल्या काहीच न करणाऱ्या गटावर नजर ठेवायला ते आणि मामा पाळीपाळीनं जायचे. कुणी जोर काढताना दिसला की खेकसायचे, "बस खाली. पोरीचा वाटोळा करशीत." कोळीवाड्यातली माणसं त्यांना टरकून असत.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी वैशाली आणि काका बसनं निघाले. यंत्र राधाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून काकांनी मांडीवर घेतलं होतं. लोखंडाचा पाट चांगलाच जड होता.

"काका, शेजारची सीट रिकामी आहे. ठेवा तिथं."

"असूंदे."

"पाय अवघडतील."

"अवघडूंदे."

परळ गेलं, दादर गेलं. प्रत्येक खड्ड्याला काका यंत्र मांडीवरून किंचित वर उचलत आणि खड्डा गेला की हळूच खाली टेकवत. लोखंडाला धक्क्यानं काही होत नाही, हे सांगायला वैशालीनं तोंड उघडलं. मग ते राहू देऊन ती खिडकीबाहेर बघत बसली.