चाळीस पानं आणि एक ओळ

निर्मात्याला सिनेमाची गोष्ट एका ओळीत हवी होती. चाळीस पानं लिहून बसलेल्या हेमराजनं तीन दिवस डोकं खाजवलं आणि अड्याळच्या बाजारात मासे विकणाऱ्या आईला ती ओळ ऐटीत वाचून दाखवली, “माणुसकीच्या शोधात निघालेल्या गावाची कथा.”

गीताबाई म्हणाली, “असं बोललं तं माहा एक झिंगा विकनार नाही. कोणाले काय पाह्यजे अन् आडवं कोण येते, ते सांग. लिलावात तलाव गमावलेला ढिवर त्याच तलावात चोरून जाळं टाकते, अन् राखणदार निघते त्याचाच जवाई.”

हेमराजनं घाईघाईनं लिहून घेतलं. “मंग पुढं काय होते वो माय?”

गीताबाईनं टोपल्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं.

“पुढं काय. अर्धे जवायाच्या घरी गेले, अर्धे मी विकून राहिली.”