लोकरीच्या ट्रंकेतले पेले

माझा थोरला लेक आईला सांगतो, केस धुऊन ये. का, तर माझ्या तेलाचा वास त्याच्या बाटलीला बाधतो म्हणे! मी काय रॉकेल चोपडते डोक्याला? सकाळपासून घरात गॅस पेटवायचा नाही, कांदा चिरायचा नाही, सुनेने तोंडाला पावडर लावायची नाही. दुपारी आम्ही दोघी सासवा-सुना गार पाव चावत बसलो.

एवढं सोसलं ते माझ्या शिवणाच्या खोलीपायी. रस्त्याकडची ती खोली माझी. तिथे लोकरीचे कोट शिवून मी हे घर उभं केलं. थोरल्याला आता नोकरी सोडून तिथे व्हिस्की चाखायचा क्लब काढायचाय. पैसा घालणार त्याचा मित्र, हॉटेलवाला. मी म्हटलं होतं, "तुझं नाक खरं आहे हे माझ्यासमोर दाखव. मशीन मी आपल्या हाताने मागच्या खोलीत हलवीन." दिला शब्द तो दिला.

संध्याकाळी हॉटेलवाला आला. कपड्याला इस्त्री, चेहऱ्याला तूप. "काकू, तुम्ही पण बसणार? वा, वा!"

"माझ्याच घरात उभी राहू का?" मी म्हटलं.

थोरल्याने पेले आणले. पोटात फुगीर, तोंडाशी निमुळते. फुटतील म्हणून आल्या दिवशीच त्याने ते माझ्या कोटांच्या ट्रंकेत लोकरीत गुंडाळून ठेवले होते. सून धुवायला निघाली तर खेकसला, "हात लावू नकोस! साबणाचा वास बसतो." नुसते पुसले आणि व्हिस्की ओतली. रंग मात्र सुरेख, जुन्या पितळेसारखा.

मग व्याख्यान सुरू. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली. शेरी नावाची वाईन ज्या पिपात होती, त्याच पिपात ही वर्षानुवर्षं मुरलेली. बोलता बोलता बाटलीच्या खोक्याकडे डोळा, मागे बारीक अक्षरांत काही छापलं होतं तिकडे. मग पेल्यात नाक इतकं खुपसलं की मला वाटलं, आता ओढून काढावं लागतंय.

"मनुका," थोरला डोळे मिटून म्हणाला. "अक्रोड. संत्र्याची साल. आणि मागून... जुनं ओक लाकूड. हा पिपाचा श्वास!"

"श्वासच!" हॉटेलवाला म्हणाला. "थोडी कापराची छटा पण आहे, नाही?"

"उत्तम पिपाची तीच खूण."

मी पेला नाकाशी नेला आणि कळलं. बोलले मात्र नाही. परीक्षा त्याची होती.

सुनेने हुंगलं. नाक मुरडलं. "अहो, हा तर डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. आईंच्या ट्रंकेतला."

"तुला काय कळतंय त्यातलं?" थोरला कडाडला. "नाक तयार करावं लागतं!"

सून उठली. आत गेली, स्टीलची वाटी घेऊन आली, त्याच बाटलीतून दोन घोट ओतले आणि वाटी हॉटेलवाल्यापुढे धरली. "भाऊजी, आता बघा."

त्याने वाटी हुंगली. मग पेला. मग परत वाटी. तोंडावरचं तूप गोठलं. मीही वाटी घेतली. बिचारी दारू चांगली होती हो! खरंच मनुका होत्या, संत्र्याची सालही होती. एक घोट घेतला. जिभेवर गोड, घशात निखारा. पिपाने आपलं काम चोख केलं होतं.

"मित्रा, क्लबचं मग बघू सावकाश," म्हणत हॉटेलवाल्याने चपला शोधल्या.

दार लागलं तसा थोरला माझ्याकडे वळला. "आई, पेल्यांची चूक झाली. नाकाची नाही. खोलीचं तू..."

मी वाटी खाली ठेवली. सुनेला म्हटलं, आधी गॅस पेटव आणि चांगला कांदा परत. मग त्याला म्हटलं, "अरे, पेले तूच ठेवलेस, तूच धुऊ दिले नाहीस, ते एक वेळ सोडलं. पण खोक्यावर लिहिलेलं सगळं तुला पेल्यात सापडलं आणि नाकाखालचं डांबर सापडलं नाही. वर जिला सापडलं तिच्यावरच ओरडलास. मी दोन इयत्ता शिकले, पण माझं नाक हुंगतं. तुझं नाक नुसतं वाचतं. माझं मशीन आहे तिथेच राहील. आणि उद्या ऑफिसला वेळेवर जा."