सोन्याचा सॉकेट

माझ्या नवऱ्याने स्टिरिओसाठी भिंतीत सोन्याचा मुलामा दिलेला सॉकेट बसवला, तेव्हा मी काही बोलले नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली की कुठे तोंड उघडायचं ते कळतं. पण त्याने माझ्या बाबांच्या वायरिंगवर बोट ठेवलं आणि माझं डोकं फिरलं.

झालं असं, की नवा अँप्लिफायर आणि हा सॉकेट एकाच दिवशी घरात आले. त्याच दिवसापासून गाणं रंगात आलं की स्पीकरमधून खरखर यायला लागली. अँप्लिफायर दुकानात तपासला, ठणठणीत निघाला. सोन्यावर तर शंका घेणंच पाप. मग उरल्या भिंतीतल्या वायरी. त्या बाबांनी घातलेल्या. चाळीस वर्षं वायरमन म्हणून राबल्यावर लेकीच्या घरासाठी केलेलं ते त्यांचं शेवटचं काम.

"जुनं काम आहे, बाबा. सोमवारी माणसं येऊन भिंत फोडतील," नवरा त्यांना म्हणाला. बाबा नुसते "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले. ते मला बघवलं नाही.

"फोडायच्या आधी तुलना कर," मी नवऱ्याला सुनावलं. "जुना सॉकेट आणि सोन्याचा, एकाच लाइनवर. ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे बघायचं नाही. दोन्हीवर खरखर आली तर हातोडा मी आणून देते."

रविवारी सकाळी त्याचं कानसेन मंडळ जमलं. दातांचे डॉक्टर, भूगोलाचे सर आणि बँकेतला लंबू. बाबांनी मेन स्विच बंद केला आणि सोन्याच्या शेजारी ड्रॉवरमधला जुना पांढरा सॉकेट बसवला. वायरचं उघडं टोक दुमडून दुहेरी केलं, स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली, पुन्हा आवळला. नवरा आपल्या खुर्चीत बसला. ती खुर्ची दोन्ही स्पीकरपासून टेपने मोजून ठेवलेली. तिच्यात बसायची मलाही परवानगी नाही.

चौघं भिंतीकडे पाठ करून बसले. मी सहा वेळा तेच गाणं लावलं, प्लग कधी इकडे, कधी तिकडे. दर वेळी त्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, सोनं की जुना.

चिठ्ठ्या उघडल्या तर चौघांचं एकमत.

"दुसऱ्या वेळी सुरांमागची शांतता ऐकलीत?" सर म्हणाले. "ती सोन्याशिवाय येत नाही."

"दुसऱ्या वेळी पांढरा होता," मी म्हटलं. "चौथ्या आणि पाचव्या वेळीही. तुमची सहाच्या सहा उत्तरं उलटी आहेत."

खरं तर कान चोख होते त्यांचे, एकदाही चुकले नाहीत. खरखर फक्त सोन्यावर येत होती. म्हणजे माझ्या बाबांच्या वायरी निर्दोष सुटल्या होत्या, आणि मला ते गच्चीवर जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बाबांनी सोन्याच्या सॉकेटवर बोटं टेकवली. "गरम आहे," ते म्हणाले. मेन बंद करून त्यांनी तो उघडला, स्क्रू फिरवला. पुरते दीड फेरे फिरल्यावर तो घट्ट बसला.

"जावईबापू, हा कोणी लावला होता?"

"मीच," नवरा म्हणाला. "मुलाम्याला ओरखडा पडेल म्हणून हलक्या हाताने फिरवला."

डॉक्टरांना आधी हसू फुटलं. "सोन्याची कॅपसुद्धा सैल बसली की पेशंट माझ्याच नावाने बोंबलतो."

आवळलेल्या सोन्यावर पुन्हा तुलना झाली. खरखर गेली. या वेळी चारही चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, 'सारखंच'.

नवऱ्याने सगळ्यांसमोर फोन लावला आणि सोमवारची माणसं रद्द केली. मग बाबांच्या हाताला धरून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

"चुकलो, बाबा. तुमची एकही वायर हलणार नाही," तो म्हणाला. "आता तुम्ही ऐका."

बाबा खुर्चीत ऐसपैस टेकले. "मला हल्ली जरा कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "आवाज वाढवा. लाइन माझी आहे, पेलेल."